एकास एक पॉइंट आठ

सुहास,

तुझ्या शोकसभेत सहा जण बोलले आणि सहाही जणांनी सांगितलं की तू आयुष्यात कोणाशी भांडला नाहीस. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तुझ्यानंतर आपल्या हॅम रेडिओ क्लबचे अध्यक्ष झालेले बोरसे सर माईक घेऊन माझ्या दिशेने दोन पावलं आले, मी कोण आहे ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी घाईघाईने दोन मिनिटांची शांतता जाहीर केली. ती सव्वा मिनिटात संपली. मी घड्याळ लावून बघत होतो.

‘सरांची की कायमची शांत झाली,’ असंही ते म्हणाले. हॅम रेडिओवाला गेला की असं म्हणायची पद्धत आहे. मोर्सची कळ थांबली, या अर्थाने. तू मोर्स परीक्षेपुरतं शिकलास आणि पास झाल्यावर त्या कळीचा उपयोग वीजबिलं उडू नयेत म्हणून केलास. शांत व्हायला ती कधी बोलत होती?

हे लिहितोय ते वहिनींच्या सांगण्यावरून. ‘भाऊजी, स्मरणिकेत तुमचंही काहीतरी पाहिजे.’ मी म्हटलं, ‘वहिनी, आमचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं.’ त्या म्हणाल्या, ‘मग भांडूनच लिहा. गोड लिहिणारे पुष्कळ आहेत.’ तेव्हा पुढचं सगळं तुझ्या बायकोच्या परवानगीने.

आधी देणं मान्य करतो, म्हणजे पुढे मोकळेपणाने बोलता येईल. मला ही विद्या तू शिकवलीस. तू बँकेत नवा लागलेला, मी सातपूरच्या कारखान्यात मीटर दुरुस्त करणारा. दोघांनाही हॅमच्या परवान्याची परीक्षा द्यायची होती आणि पुस्तकातला ‘स्टँडिंग वेव्ह रेशो’ माझ्या डोक्यात शिरत नव्हता. तू मला तुमच्या गच्चीवर नेलंस, कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक सोडवून माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, ‘हलव.’ मी हलवली. लाट गेली, समोरच्या खांबाला आपटली आणि परत आली. ‘आता हलवतच राहा.’ जाणारी लाट आणि येणारी लाट एकमेकींत मिसळल्या आणि दोरी काही ठिकाणी जोरात उडायला लागली, काही ठिकाणी जागच्या जागी गप्प. ‘ही बघ, उभी राहिली लाट,’ तू ओरडलास. ‘सगळ्यात जास्त उडते ती जागा आणि सगळ्यात कमी उडते ती जागा, यांचं गुणोत्तर. काही परतच आलं नाही तर सगळीकडे सारखं. एकास एक!’

तुझ्या आईचं लुगडं त्या भानगडीत शेजारच्या गच्चीवर गेलं. ते आणायला मला पाठवलंस, कारण तू बँकेतला होतास.

नंतर तू हेच नवशिक्यांना पाहुण्यावरून समजवायचास. रेडिओसेट म्हणजे आपलं घर, केबल म्हणजे रस्ता, अँटेना म्हणजे पाहुणा ज्या घरी निघालाय ते घर. त्यांनी दार उघडलं नाही तर पाहुणा परत येतो. मीटर आपल्या दारात बसून मोजतं, किती गेले आणि किती परत आले. ‘पाहुणा परत आला नाही,’ तू बोट वर करून सांगायचास, ‘म्हणजे पाहुणचार झाला!’ पोरं माना डोलवायची. मी एकदा मागून म्हटलं, ‘किंवा वाटेत विहिरीत पडला.’ सगळे हसले, तूही हसलास. तेव्हा आपल्याला दोघांनाही कळलं नाही की पुढचं सगळं भांडण त्या एका वाक्यात बोलून झालंय.

मग तू अध्यक्ष झालास. मला वाटतं, खरं तर तू अध्यक्षच जन्मलास, निवडणूक फक्त उशिरा झाली. रोज सकाळी साडेसातला नाशिकचे हॅम एका फ्रिक्वेन्सीवर जमतात, हजेरी देतात, हवापाणी बोलतात. या साध्या गोष्टीचं तू राज्यारोहण करून टाकलंस. ‘नाशिक मुख्य केंद्र. स्थिर तरंग गुणोत्तर एकास एक. सर्वांना सुप्रभात.’ रोज, गुणोत्तरासकट. वाण्याकडे गेल्यावर कोणी आधी आपला रक्तदाब सांगत नाही. पण लोकांना ते आवडलं. तुझं नावच पडलं, ‘एकास एक सर’.

आणि त्या एकास एकच्या वर तुझ्या गच्चीत लोखंडी खांबाच्या टोकाला तू स्वतः बनवलेला अँटेना होता, आणि त्याला जोडलेली केबल, जिच्या जोडावर तू टेप वरून खाली गुंडाळली होतीस. मी तेव्हाच सांगितलं होतं, खालून वर गुंडाळ. प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर चढला पाहिजे, म्हणजे पाणी वरून घसरून जातं. वरून खाली गुंडाळलीस तर प्रत्येक वेढ्याची कड आभाळाकडे तोंड वासून राहते.

‘तू काय कौलं शाकारायला आलायस का, जाधवा?’ तू म्हणालास.

‘हो. तेच तत्त्व आहे.’

‘आम्ही स्लॅबच्या घरात राहतो,’ तू म्हणालास, आणि वरून खालीच गुंडाळलीस. दिसायला फार सुबक दिसत होती.

चार पावसाळे गेले. तुझं मीटर पहिल्या वर्षी एक पॉइंट आठच्या आसपास होतं, मग दीड, मग सव्वा, मग एकदाचं एकास एक. दरवर्षी काही न करता सुधारणारी वस्तू मी कारखान्यात एकही पाहिली नाही. तू पेढे वाटलेस. मी पेढा खाल्ला आणि म्हटलं, सुहास, केबल पाणी प्यायला लागली आहे. जाणारी ताकद निम्म्या वाटेत जिरतेय, अँटेनाने परत पाठवलेली येताना जिरतेय, आणि मीटर बिचारं खाली बसून सांगतंय की कोणी परत आलं नाही. मीटर वर गच्चीत ने, अँटेनाच्या बुडाशी लाव आणि मग बघ.

‘मीटर ही टेबलावरची वस्तू आहे,’ तू म्हणालास.

घाटाचा दिवस मला परत सांगायची गरज नाही, पण स्मरणिका वाचणाऱ्यांना असेल. वणीच्या गडाच्या घाटात सायकल शर्यत होती. तिथे मोबाईल लागत नाही म्हणून आयोजकांनी आपल्या क्लबला विचारलं, आणि तू हो म्हणालास. मी जीपमध्ये रेडिओ बसवून घाटातल्या वळणावर. मुख्य केंद्र तुझ्या घरी, गंगापूर रोडला, तुझ्याशेजारी फोन आणि फोनच्या पलीकडे रुग्णवाहिका. सकाळी शहरात चाचणी झाली, सगळ्यांना सगळे ऐकू आले. शहरात ओल्या केबलवरूनही ऐकू येतं. गल्लीत हाक मारायला अँटेना लागत नाही.

साडेदहाच्या सुमारास निफाडच्या एक शिक्षिका उतारावर घसरल्या. मांडीचं हाड. मी बटण दाबलं, बोललो, सोडलं. फक्त खरखर. परत. खरखर. बाईंच्या डोक्याखाली मी माझी पिशवी ठेवली होती. त्या ओठ दाबून विचारत होत्या, ‘लागलं का?’

‘लागतंय, बाई.’

जीपचा ड्रायव्हर वणीचा होता, त्याने तीनदा ऐकलं आणि म्हणाला, ‘नाय लागत साहेब. लय येळ झाला. बाईला उचला, गाडीत घाला, म्या नेतो.’

‘हाड मोडलंय, असं उचलता येत नाही.’

‘मग बोला तुम्ही तुमच्या डब्याशी,’ तो म्हणाला.

मी एक तास डब्याशी बोललो. शेवटी एका शेतकऱ्याच्या घरातलं दार काढून आणलं, त्यावर बाईंना बांधलं आणि आम्हीच खाली निघालो. प्रत्येक खड्ड्याला त्या ओरडत नव्हत्या, मोजत होत्या. एक, दोन, तीन. दिंडोरी जवळ आल्यावर माझ्या त्याच सेटवर, त्याच बॅटरीवर, तुझा आवाज आला, घंटेसारखा स्वच्छ: ‘घाट केंद्र, आपण गप्प का आहात? आम्ही मघापासून वाट पाहतोय.’ बाई तेवढ्यातही हसल्या. त्या आता थोड्या लंगडतात.

पुढच्या रविवारी क्लबची सभा. तू उभा राहिलास आणि म्हणालास, ‘नाशिक केंद्राचं गुणोत्तर त्या दिवशी एकास एक होतं. दोष घाटाच्या बाजूला होता.’ माझं नावही घेतलं नाहीस. घाटाच्या बाजूला मी एकटाच होतो.

मी तयारीने आलो होतो. तेलाच्या डब्यात बुडवलेला एक रेझिस्टर आणला होता. सेट तपासताना वापरतात तो, सगळी ताकद तेलात गरम होऊन संपते, बाहेर काही जात नाही. तो मी मीटरला जोडला. काटा एकास एकवर. ‘हे बघा सगळ्यांनी,’ मी म्हटलं, ‘या डब्याचं गुणोत्तर सरांच्या स्टेशनपेक्षाही चांगलं आहे. आता सरांनी या डब्यावरून वणीशी बोलून दाखवावं.’

सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. मी जिंकलो होतो, सुहास. चार सेकंद मी जिंकलो होतो. मग तू डब्यात डोकावलास आणि म्हणालास, ‘जाधवा, डबा आणलास ते ठीक. जेवण कुठाय?’

खोली फुटली हसून. बोरसे सर तर खुर्चीवरून वाकले. मी म्हटलं, केबल उघडून बघा, आज, आत्ता. तू म्हणालास, ‘माझ्या गच्चीवर कात्री घेऊन कोणी येणार नाही.’ त्यानंतर माझं नाव ‘मूक केंद्र’ पडलं. दोन महिन्यांत मी क्लब सोडला, आणि सेट चालू करणंही. एखादा माणूस चुकतो, ते मला चालतं. वादात हरवतो, तेही. तू मला विनोदाने हरवलंस, आणि विनोद चांगला होता. त्याची माफी मी आजही देत नाही.

मागच्या महिन्यात वहिनींचा फोन आला. गच्चीला गळती लागली आहे, सोसायटीला वॉटरप्रूफिंग करायचंय, खांब काढावा लागेल. ‘दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही असं ते म्हणायचे,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ‘दुसऱ्या म्हणजे माझ्याखेरीज की मला धरून?’ त्या म्हणाल्या, ‘ते तुम्ही वर जाऊन ठरवा.’

मी कात्री घेऊन तुझ्या गच्चीवर गेलो. खोटं सांगत नाही, मला आनंद होत होता. नऊ वर्षांनी पुरावा हातात येणार होता. केबल कापायची, काळी पडलेली तांब्याची जाळी बघायची, आतलं पाणी बशीत काढायचं आणि ती बशी बोरसे सरांच्या टेबलावर ठेवायची. बशी मी घरून आणली होती.

केबल कापली. तांबं लखलखीत, नव्या भांड्यासारखं. आत थेंब नाही.

मी गच्चीवर खाली बसलो. घाटाचा दिवस परत आठवला, पण या वेळी तुझ्या बाजूने. माझाच सेट असेल का? माझाच कनेक्टर? बाई एक तास माझ्यामुळे पडून होत्या का? सुहास, ती दहा मिनिटं मी तुला कधीच देणार नव्हतो, आणि तू ती मेल्यावर वसूल केलीस.

मग जोड सोडवायला गेलो आणि टेप दिसली. खालून वर. प्रत्येक वेढा खालच्यावर चढलेला, कौलांसारखा, थोडा वेडावाकडा, पहिल्यांदाच तसं करणाऱ्या हातांचा. खाली खिडकीत शिरण्याआधी केबलला झोळीसारखं वळण दिलेलं, पाणी तिथून ठिबकून जावं म्हणून. तेही माझंच तुणतुणं. केबलच्या काळ्या सालीवर दर मीटरला पांढऱ्या अक्षरांत ती कधी बनली ते सन छापलेलं होतं. घाटाच्या पुढच्या वर्षाचं.

तू ती बदललीस. एकटा खांबावर चढलास, जुनी उतरवली, कुठे नेऊन टाकलीस कोण जाणे, नवी लावलीस, माझ्या पद्धतीने गुंडाळलीस, खाली आलास, हात धुतलेस आणि कोणाला काही सांगितलं नाहीस.

खांब उतरवण्याआधी मी कापलेली केबल परत जोडली, खाली तुझ्या टेबलाशी गेलो आणि मीटर बघितलं. एक पॉइंट आठ. अर्थातच. चांगली केबल पाहुण्याला गिळत नाही. जो परत येतो तो खरंच परत येतो आणि दिसतो. तुझ्या अँटेनाची कांडी बोटभर जास्त लांब आहे, पहिल्या दिवसापासून होती. एक पॉइंट आठने काही बिघडत नाही, हे तुलाही माहीत होतं. शंभरातले आठ परत येतात, ब्याण्णव जातात. या स्टेशनवरून वणीचा गड सहज ऐकू आला असता. तुझी अलीकडची लॉगबुकं चाळली. रोजच्या नोंदीपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात १.८. आणि हवेत रोज साडेसातला, एकास एक. रिझल्ट कळल्यावरही गावभर पहिला नंबर सांगत फिरणाऱ्या पोराच्या बापासारखा तू वागलास, आणि ते पोरही तूच.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी विचारलं, केबल कधी बदलली? ‘तुमचं ते भांडण झालं त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीत,’ त्या म्हणाल्या. ‘पाय घसरला असता तर? मी म्हटलं जाधव भाऊजींना बोलवा, तर म्हणाले, त्याला काय सांगू?’ मग कप माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, ‘रोज हजेरी संपली की तुमचं स्टेशन विचारायचे. जाधव आहेत का, म्हणून. पाच-सहा सेकंद वाट बघायचे आणि मग बंद करायचे.’

मी शोकसभेत ऐकलं होतं ते, सुहास. तिथे तो तुझा मोठेपणा म्हणून सांगितला गेला: चुकलेल्या सहकाऱ्यालाही सर रोज हाक मारत. पाच-सहा सेकंद! गंगापूर रोडवरून सिडकोला रिक्षा येते. माझ्या दाराला बेल आहे. ‘केबल ओली होती’ या तीन शब्दांना त्यापेक्षा कमी वेळ लागतो. तू मला अशा रस्त्याने हाक मारलीस जिथे मी नसणार हे तुला पक्कं माहीत होतं. मी सेट एकदा, एकदाच, चालू केला असता तर तुझा सिग्नल किती वाढलाय ते काटा बघूनच ओळखलं असतं. तो मी केला नाही. ते माझ्या नावावर लिहून घे. बाकीचं तुझं.

खांब उतरवल्यावर आठवड्याने क्लबची सभा होती, आणि खांब मी काढला म्हणून मलाही बोलावणं होतं. बोरसे सरांनी भर सभेत विचारलं, ‘काय जाधव, केबल कशी निघाली?’

‘कोरडी,’ मी म्हटलं.

‘पाहिलंत?’ ते म्हणाले, आणि टाळ्या झाल्या.

मी सांगू शकलो असतो. मी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं काम तुझं होतं, आणि तुझी कामं मी तशीही पुष्कळ केली आहेत, लुगड्यापासून. मग बोरसे सरांनी फ्रेमसाठी तुझ्या केबलचा वीतभर तुकडा मागितला. तो मात्र मी नीट निवडून कापून दिला. तीन आठवडे झाले, फ्रेम क्लबच्या भिंतीवर आहे. मखमलीवर तुकडा, खाली पितळी पट्टी: ‘एकास एक. कै. सुहास सरांच्या स्टेशनची मूळ केबल.’ आणि तुकड्यावर पांढऱ्या अक्षरांत सन, अगदी समोर. सगळे तिथे उभे राहून फोटो काढतात. अजून कोणी वाचलेलं नाही. हा लेखही बोरसे सर छापण्याआधी वाचतील असं मला वाटत नाही. तुझ्या हाताखाली तयार झालेत ते.

अँटेना वहिनींनी मला दिला. माझ्या गच्चीत लावलाय. कांडी बोटभर कापायला दहा मिनिटं लागतील. कापलेली नाही.

आज सकाळी साडेसातला नऊ वर्षांनी हजेरी दिली. वणीच्या एका नव्या मुलीने उत्तर दिलं, ‘काका, आवाज एकदम क्लिअर आहे.’ मग बोरसे सरांनी, तुझी पद्धत चालू ठेवायची म्हणून, विचारलं, ‘जाधव, गुणोत्तर?’

‘एकास एक पॉइंट आठ.’

‘अरे अरे. बघा की जरा त्याच्याकडे. सुहास सरांचं कायम एकास एक असायचं.’

मी बटण दाबलं आणि काही बोललो नाही. पाच-सहा सेकंद. तेवढ्या वेळात त्या फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या कोणालाही बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे.

— जाधव